नवे टायर कुठे बसवायचे

माझ्या भाचीला गाडीतलं काही कळत नाही आणि मला खेळातलं काही कळत नाही, म्हणून आमची जोडी जमेल असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं. एकतीस वर्षं गॅरेज चालवलेला मामा फुकट राबायला मिळतोय, तर कोण सोडेल?

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. एका जागी बसलेली मी तिला फक्त झोपेत पाहिली आहे. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि तिथल्या मंडळींनी दरवर्षी गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाची स्पर्धा भरवायची टूम काढली आहे. समोर टीव्ही, टेबलाला आवळलेलं खोटं स्टेअरिंग, पायाशी खोटे पेडल. यंदा नियम असा की गाड्या फक्त हॅचबॅक, म्हणजे मागचं दार वर उघडतं त्या छोट्या. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या, एक तीस वर्षांपूर्वीची, एक यंदाची. खेळ प्रत्येक गाडीला तिच्या ताकदीप्रमाणे पॉइंट देतो आणि दोन्ही गाड्या सेटिंग करून बरोबर पाचशेवर आणायच्या. भिंगरीनं निवडलेली जुनी तीनशे दहावर होती, नवी सहाशे चाळीसवर.

"म्हणजे जुनीला खाऊ घालायचं आणि नवीला उपाशी ठेवायचं," मी फोनवर म्हणालो. "सासूला तूप, सुनेला उपास. हे तर घरोघरी चालतं, त्याला स्पर्धा कशाला?"

"मामा, येताय ना शनिवारी? सेटिंग तुम्ही करायचं. नवी मी चालवणार."

"आणि जुनी?"

"जुनी बाबा," ती म्हणाली, आणि घाईनं फोन ठेवला. पोरगी हुशार आहे.

आता सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चौदा महिन्यांपूर्वी मी ताईच्या, म्हणजे भिंगरीच्या आईच्या, जुन्या गाडीची सर्व्हिसिंग केली. मागच्या ब्रेकचे लायनर बदलले, ब्रेक आवळून दिले. सहाव्या दिवशी ताई गाडी चालवत होती, भाऊजी शेजारी बसले होते, रस्ता ओला होता आणि एका वळणावर गाडीचा मागचा भाग फिरून कठड्यावर आदळला. भाऊजींना खरचटलंसुद्धा नाही. ताईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. माझी ताई शिवणकाम करते. ते मनगट म्हणजे तिचं दुकान.

मागचा ब्रेक जास्त आवळला गेला, तर ओल्या रस्त्यावर चाक अडकतं आणि गाडी नेमकी अशीच फिरते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. विमावाल्यांनी मोडकी गाडी चार दिवस त्यांच्या आवारात ठेवली होती. माझ्या गॅरेजपासून चालत वीस मिनिटं. जाऊन चाक हातानं फिरवून बघितलं असतं, तर एका मिनिटात कळलं असतं. मी गेलो नाही. पाचव्या दिवशी गाडी भंगारात गेली आणि माझ्यापाशी फक्त शंका राहिली. तेव्हापासून ब्रेकचं काम आलं की मी जोडीदाराकडे सरकवतो. पाठ दुखते म्हणून सांगतो. पाठीला काही झालेलं नाही.

ताई मला एका शब्दानं बोलली नाही. भाऊजी मात्र बदलले. त्यांनी दुसरी गाडी घेतली ती मला न विचारता, आणि एकदाही माझ्याकडे आणली नाही. पूर्वी मी त्यांच्यावर मनसोक्त ओरडायचो. ते ग्रंथपाल, पुस्तकं अंकाप्रमाणे लावतील, पण गाडीत पेट्रोल भरायचं विसरतील. मी ओरडायचो, ते हसायचे, ताई मध्ये पडायची. अपघातानंतर आम्ही दोघं एकमेकांशी इतक्या सभ्यपणे बोलायला लागलो की परक्या माणसाला वाटावं, कालच ओळख झाली. 'बसा', 'घ्या', 'बरं आहे'. मी काय समजायचं ते समजलो. त्यांना माहीत आहे, आणि ते मोठेपणानं बोलत नाहीत.

तरी मी शनिवारी गेलो. भाचीला नाही म्हणणं मला जमत नाही. ताई दुकानात होती. दिवाणखान्यात सोफ्याच्या एका टोकाला भाऊजी, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये तिसरा माणूस आडवा झोपेल एवढी जागा. भिंगरी खाली बसून पडद्यावर जुनी गाडी फिरवून दाखवत होती. लाल, चौकोनी, थोडी चेपलेल्या डब्यासारखी. मला आवडली.

पहिला तास मजेत गेला. मी म्हणालो, आधी बॉनेट उघड. ती म्हणाली, उघडत नाही. मी म्हणालो, मग ऑइल कसं बघायचं? ती म्हणाली, ऑइल नसतंच. बिनऑइलची गाडी तीन फेऱ्या पळणार म्हटल्यावर माझं या खेळाबद्दलचं मत तिथंच झालं. पण हळूहळू गोडी लागली. इथं खरं काम नाही, फक्त पट्ट्या. पट्टी उजवीकडे सरकवली की स्प्रिंग कडक, डावीकडे सरकवली की मऊ. गिअर लांब, गिअर आखूड. नखाला काळं लागत नाही, बोट चिमटत नाही. एवढ्या सुखात कामं झाली असती तर मीसुद्धा गोडबोल्या झालो असतो. जुनीला मी एअर फिल्टर, सायलेन्सर, हलकी चाकं असं एकेक खाऊ घालत चारशे साठवर आणली.

"आता ब्रेक," भिंगरी म्हणाली. "पुढे किती जोर, मागे किती, ते ठरवायचं."

"तसेच राहू दे."

"अहो मामा, सगळे बदलतात."

"बदलू देत. तसेच ठेव म्हटलं ना!" माझा आवाज चढला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. खाई त्याला खवखवे.

भिंगरीनं खांदे उडवले आणि टायरवर गेली. या खेळात पुढच्या चाकांना एक टायर आणि मागच्यांना दुसरा लावता येतो. तिनं पुढे चांगले, चिकटून धरणारे टायर लावले, मागे कडक, घसरडे. मी काही म्हणणार एवढ्यात तिनंच समजावलं. इंजिन ओढतं पुढच्या चाकांना, त्यामुळे या गाड्या वळणावर सरळच जाऊ बघतात. मागचा भाग मुद्दाम जरा सुटा ठेवला की ढुंगण फिरतं आणि गाडी चटकन वळते. सगळे जिंकणारे असंच करतात.

"नाही," भाऊजी म्हणाले.

"बाबा, खेळ आहे."

"चांगले टायर मागे लाव."

"मागे लावले तर वळणारच नाही! मामा, तुम्ही सांगा ना यांना."

"मागे!" भाऊजी उभे राहिले होते. "आधी मागे. पुढचे घसरले तर माणसाला स्टेअरिंगमध्ये कळतं, तो वेग कमी करतो. मागचे सुटले तर काही कळत नाही, काही करता येत नाही. नवे टायर नेहमी मागे बसवायचे. नेहमी. मी चालवणार आहे ना ही गाडी? मग मागे."

त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता. भिंगरी बापाकडे बघतच राहिली. मीही. कारण त्यांचा शब्द न् शब्द बरोबर होता, आणि हा माणूस तो होता, ज्यानं एकदा मला विचारलं होतं की गाडीचं पाचवं चाक डिकीत बसून काय करतं.

"भाऊजी," मी म्हणालो, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"वाचलं," ते म्हणाले.

"कधी?"

त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. भिंगरीला म्हणाले, जा, चहा टाक. तिला चहा करता येत नाही हे सगळ्या घराला माहीत आहे, पण ती गेली.

भाऊजी पुस्तकांच्या कपाटापाशी गेले. सगळ्यात जाड शब्दकोश काढला आणि त्याच्या शेवटच्या पानांतून घडी घातलेला कागद ओढला. 'ज्ञ'पाशी कुणी जात नाही, असं ते नंतर म्हणाले. कागद माझ्या हातात देऊन ते सोफ्यावर बसले, यावेळी माझ्या शेजारी.

विमा कंपनीच्या तपासणाऱ्यानं गाडी बघून लिहिलेला अहवाल होता. पुढचे दोन्ही टायर नवे. मागचे दोन्ही झिजून गुळगुळीत. मागचे टायर ओल्या रस्त्यावर सुटल्यामुळे गाडी फिरली असावी. आणि त्याखाली, बारीक अक्षरात: मागची चाकं मोकळी फिरतात, ब्रेक ठीक.

ब्रेक ठीक. मी ते चार वेळा वाचलं.

"तुम्ही सर्व्हिसिंग करून दिलीत तेव्हा म्हणाला होतात, दोन टायर बदलून घ्या, माझ्याकडे तुमच्या मापाचे नाहीत," भाऊजी खाली बघत बोलत होते. "अपघाताच्या आदल्या दिवशी मी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, पुढे की मागे? मी म्हणालो, पुढे. स्टेअरिंग पुढे, इंजिन पुढे, माणसं पुढे बसतात. मला वाटलं, किती विचार करून सांगितलं. ही म्हणाली होती, माझ्या भावाला विचारा. मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं? आणि मग हा कागद आला. तिला दाखवला नाही. तुम्हाला तर तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. गाडी तुमच्याकडे आणली की त्या टायरांचा विषय निघाला असता आणि तुम्हाला कळलंच असतं. म्हणून नवी गाडीसुद्धा आणली नाही तुमच्याकडे."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या सोफ्यावर कळलं. उठून नाचावंसं वाटलं. मी नव्हतो! माझे ब्रेक ठीक होते! समोर एक भला माणूस मान खाली घालून बसला होता, आणि मी आनंदानं फुटायच्या बेतात होतो. या आनंदाची लाज वाटली, पण ती जरा नंतर. आधी आनंदच झाला, हे कबूल करतो.

मग मला आमचं बोलणं आठवलं. दोन टायर बदला, एवढंच म्हणालो होतो मी. कोणते, कुठे, काही नाही. दुसरा कुणी असता तर नीट समजावलं असतं, पण पेट्रोल विसरणाऱ्या माणसाला कशाला सांगा, म्हणून मी घाईत चाव्या फेकल्या होत्या. गुळगुळीत झालेले टायर मागचे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुठे बसवायचे हे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला असता?

मी भाऊजींना सगळं सांगितलं. चौदा महिने मला काय वाटत होतं, ब्रेकची कामं, पाठीचं सोंग, वीस मिनिटांवरची गाडी, आणि न बोललेलं ते वाक्यसुद्धा.

"म्हणजे तुम्हाला वाटत होतं तुमच्यामुळे..." ते चष्मा काढून सदऱ्यानं पुसत राहिले.

"अर्धं माझ्यामुळेच," मी म्हणालो. "पूर्ण तुम्हाला घेऊ देणार नाही."

ते हसले. चौदा महिन्यांनी हसले. भिंगरी तीन कप पाणचट चहा घेऊन दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे. नाक ओढत म्हणाली, "चांगले टायर मागे लावते, बाबा." त्यानंतर मी ब्रेकची पट्टी स्वतः सरकवली. मागचा जोर दोन घरं कमी केला. खऱ्या गाडीत केला असता तेवढाच.

ताईला सांगायचं ठरलं, पण स्पर्धा झाल्यावर. दोघंही भित्रे, त्यामुळे एकमत लगेच झालं.

रविवारी लॅबच्या वरच्या हॉलमध्ये सहा संघ जमले. प्रत्येक शर्यतीला खेळातलं हवामान चिठ्ठी काढून ठरणार होतं. जुन्या गाड्यांसाठी चिठ्ठी निघाली पावसाची. पहिल्याच वळणावर तीन गाड्या भोवऱ्यासारख्या फिरल्या, दुसऱ्या फेरीत चौथी. भाऊजींची लाल डबी वळताना म्हशीसारखी हटून बसायची, पण घसरली एकदाही नाही. ते पडद्यापासून हातभर अंतरावर ताठ बसले होते आणि प्रत्येक वळणाआधी पुटपुटत होते, "हळू, हळू." दुसरे आले. मी शिट्टी वाजवली, तर लोकांनी वळून पाहिलं. नव्या गाड्यांना मात्र कोरडं ऊन लाभलं. आमची उपाशी सून मागे राहिली आणि एकूण आमचा नंबर तिसरा. भिंगरीला एक कप मिळाला, कानाला टवका उडालेला. तिला कशाचं वाईट वाटलं नाही.

घरी आलो तेव्हा चांगला उजेड होता. ताई खिडकीशी बसून एका फ्रॉकला बटणं लावत होती. जाड कापड तिनं आता सोडलंय, कात्री फार वेळ धरवत नाही. भाऊजींनी कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि आम्ही दोघांनी सांगायला सुरुवात केली, एकमेकांचं वाक्य तोडत, प्रत्येक जण आपला वाटा मोठा करत. ती सुई चालवत ऐकत राहिली. आमचं संपलं तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला.

"गाडीचा मागून आवाज येतोय," ती म्हणाली. "बरेच दिवस. आधी तो बघा. मग बोलू."

शाळेतून घरी पाठवलेल्या पोरांसारखे आम्ही खाली गेलो. भाऊजींनी गाडी जरा पुढेमागे केली, मी कान लावला. काही ऐकू आलं नाही. जॅक लावला, मागचं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उघडला. चौदा महिन्यांनी स्वतःच्या हातानं. लायनर बघितले, स्प्रिंगा बघितल्या, चाक फिरवून बघितलं. मग दुसरं चाक. मग सायलेन्सरचे रबर. साप साप म्हणून भुई धोपटावी तशी मी गाडी धोपटली.

"टॉर्च इकडे धरा, भाऊजी! गाडीवर! माझ्या डोळ्यात कशाला?"

"तुम्ही मध्ये येताय."

"मी मध्ये नाही येणार तर कोण येणार? पाना द्या. पाना! हा पाना आहे का? तुमच्या लायब्ररीत असंच चालतं का, मागेल ते सोडून दुसरंच?"

"आमच्याकडे लोक हळू आवाजात मागतात," ते म्हणाले.

मी गाडीखालून बाहेर आलो, तर ताई जिन्यापाशी उभी होती.

"सापडला?"

"नाही गं. कुठून येतो नक्की? डावीकडून की उजवीकडून?"

"कुठूनच नाही," ताई म्हणाली. "आवाज नव्हताच. तुम्ही दोघं वर बसला असतात, तर माफी मागत बसला असतात रात्रीपर्यंत. वरून ऐकत होते मी. तू ओरडत होतास यांच्यावर. वर्ष झालं की रे, ऐकलं नव्हतं."

भाऊजींच्या हातात टॉर्च चालूच होती. ताईनं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं, ती हल्ली उभी राहिली की धरते तसं. मला ते दर भेटीत दिसत होतं, आणि दर भेटीत मी दुसरीकडे बघत होतो.

"दुखतं का गं?" मी विचारलं.

तिनं आधी भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुखतं," ती म्हणाली. "प्लास्टर निघाल्यापासून तुम्ही दोघांनी एकदाही विचारलं नाहीत. डॉक्टर विचारतो, गिऱ्हाइकं विचारतात. घरात हाताचा विषय निघाला की एक जण गॅरेजला जातो, एक जण पुस्तक उघडतो. मला वाटायचं, कंटाळलात माझ्या हाताला."

भाऊजींनी टॉर्च बंद करून खिशात ठेवली. मी हात पुसायला फडकं शोधायला लागलो, तर ताईनं तसाच माझा काळा हात ओढला आणि आपल्या मनगटावर ठेवला.

"इथं," ती म्हणाली. "सकाळी जास्त. आणि अंगठ्यापर्यंत जाते कळ."

मग ती सांगत राहिली, कुठे, कधी, कोणतं कापड शिवताना, कोणत्या कुशीवर झोपलं की. आम्ही पायरीवर तिच्या दोन बाजूंना बसलो आणि सगळं ऐकलं.